पुण्यात टेकडीवरचा गुंठा घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, वारजे भागात टेकडीच्या उतारावर गुंठा स्वस्तात मिळतोय, एजंट म्हणतो ‘चार टक्के बांधकाम होतं, पुढे सगळं नियमित होईल’, तर घ्यावा का?

घेऊ नका. आधी एजंटचाच हिशोब मांडा. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्याचे चार टक्के 43 चौरस फूट. तेवढ्यात एक न्हाणीघर बसतं, घर नाही.

आता तो स्वस्त का, ते बघा. 1997 साली महापालिकेत आलेल्या गावांपैकी 23 गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. 2015 मध्ये शासनाने ते मंजूर केलं आणि जागामालकाला मोबदला ठरवला 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क. गुंठ्यामागे 87 चौरस फूट! एवढ्यावर कोण जमीन सोडेल? मोबदला कमी आहे, असं माझंही ठाम मत आहे आणि तो वाढवायलाच हवा. पण आज होतं असं, की तीच जमीन गुंठा-गुंठा करून विकली जाते आणि मालकाचा तोटा तुमच्यासारख्या नोकरदाराच्या गळ्यात पडतो. सातबाऱ्यावर सामाईक नावं, हातात नोटरीचा कागद, आणि घर बांधलं की पालिकेची नोटीस.

आरक्षण नसलं तरी 1:5 पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला परवानगी नाही. हा नियम मला अगदी मनापासून पटतो. जून 2013 मध्ये कात्रज घाटाखाली शिंदेवाडीजवळ पावसाच्या लोंढ्यात मायलेकी वाहून गेल्या. वर डोंगर फोडून सपाट केला होता, पाण्याची वाट बुजवली होती. उतारावर प्लॉट पाडताना नेमकं हेच करतात: जेसीबीने कड कापायची आणि माती खालच्या ओढ्यात लोटायची.

‘टेकड्या अडवल्या म्हणून घरं महागली’ हेही तुम्हाला ऐकवतील. उतारावर रस्ता, पाणी, ड्रेनेज न्यायचा खर्च कोण करणार, ते त्यांना विचारा.

सर्व्हे नंबर, सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडून महापालिकेत झोन दाखल्यासाठी, म्हणजे जागा कोणत्या झोनमध्ये आणि आरक्षणात आहे ते सांगणाऱ्या कागदासाठी, अर्ज करा. इसार दिला असेल, तर तो दाखला हातात येईपर्यंत पुढचा हप्ता थांबवा आणि साठेखतावर सही करू नका.