जॅक रसेलचं नंतर बघू, आधी त्या पॉलिसीचं बघा

वाचकाचं पत्र थोडक्यात: वय 39, सातपूर एमआयडीसीत नोकरी, हातात 82 हजार. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार 24 हजार. पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावर टू बीएचके. घरकर्जाचे 26 लाख बाकी, हप्ता 27 हजार. हप्त्यासकट घरखर्च 85 हजार. घरात 71 वर्षांची आई (गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी घेऊन चालतात), नऊ वर्षांची मुलगी आणि बाल्कनीत लव्हबर्ड्सची जोडी. मुलीला जॅक रसेल टेरियर जातीचा कुत्रा हवा आहे. ब्रीडर मादी पिल्लाचे 55 हजार मागतो, 5 हजार टोकन देऊन झालंय. ‘जात लहान आहे, फ्लॅटला बरी, दरवर्षी पिल्लं विकलीत की दोन वर्षांत पैसे वसूल,’ असं तो सांगतो. दीड लाखाची एफडी मोडावी की क्रेडिट कार्डावर ईएमआय करावा? शेवटी एक ओळ: ‘बाकी गुंतवणुकीची काळजी नाही, एफडी करायला गेलो तेव्हा बँकेतूनच गॅरंटीड पॉलिसी घेतली आहे. वर्षाला 1 लाख 20 हजार, 12 वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 30 लाख. विमा 12 लाखांचा. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात.’ कंपनीचा 3 लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यात आई नाहीत.

उत्तर: एफडी मोडू नका आणि ईएमआयही करू नका. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मला काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या ओळीची.

उद्या तुम्हाला काही झालं तर घरात 12 लाख येतील. कर्ज आहे 26 लाखांचं. म्हणजे सगळी रक्कम बँकेला दिली तरी निम्मंसुद्धा कर्ज फिटत नाही. कर्जाला जोडलेला वेगळा विमा पत्रात दिसत नाही. कर्ज कुठून तरी फिटलं असं धरलं, तरी 24 हजारांच्या पगारात तीन माणसांचं घर चालवताना दरमहा पंचवीसेक हजारांची तूट पडेल, वर्षाला 3 लाखांची. तुम्हाला किमान 1 कोटीचं संरक्षण हवं. वर्षाला 1 लाख 20 हजार भरून तुम्ही विकत घेतलंय 12 लाखांचं, आणि ‘काळजी नाही’ असं लिहिता! माणूस एफडी करायला येतो आणि त्याच्या हातात 12 वर्षं हप्ते भरण्याची पॉलिसी दिली जाते, हे वर्षानुवर्षं चाललंय आणि दर वेळी तेवढाच संताप येतो.

आता 30 लाखांचं बघू. 14 लाख 40 हजार भरून 30 लाख, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त, असंच तुम्हाला दाखवलं असणार. वीस वर्षांवर पसरून हिशेब केला की परतावा पडतो वर्षाला जेमतेम 5 टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधीत) आजच्या 7.1 टक्क्यांनी गेले असते तर 40 लाख झाले असते. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं, तरीही दोन्हींतला फरक 10 लाखांचा आहे.

‘पण एक हप्ता भरून झालाय, बंद केली तर तो बुडेल,’ हे तुम्ही म्हणणारच. तो पूर्ण बुडाला असं समजा. उरलेल्या 11 हप्त्यांतले 20 हजार दरवर्षी 1 कोटीच्या टर्म विम्यासाठी काढा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा; तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, 15 ते 20 हजारांत बसतो) आणि 1 लाख पीपीएफमध्ये टाका. पॉलिसी संपायची त्याच सुमाराला तिथे साधारण 29 लाख झालेले असतील. रक्कम जवळपास तेवढीच आणि विमा 12 लाखांऐवजी 1 कोटीचा. शिवाय पहिला हप्ता पूर्ण बुडतही नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांत, पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून ते वर्ष संपलं की काही सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम) मिळते. नेमकी किती, ते विमा कंपनीकडून लेखी मागवा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म विम्याचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, पॉलिसी हातात. मगच ही जुनी बंद करायची. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे आज हललात तर वेळ पुरेल. विकताना ‘एफडीसारखंच आहे’ असं सांगितलं असेल तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर विमा नियामकाचं ‘बिमा भरोसा’ हे तक्रारींचं पोर्टल आणि विमा लोकपाल आहेत. काही मेसेज किंवा मेल असतील तर पुसू नका.

आईंचं काम एका दिवसाचं आहे. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारच्या ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. आधार घेऊन कार्ड काढून ठेवा. ते योजनेतल्या रुग्णालयांतच चालतं, म्हणून नाशिकमधली कुठली यादीत आहेत ते आत्ताच बघून ठेवा. आणि दीड लाखाची एफडी घरखर्चाला दोन महिनेसुद्धा पुरणार नाही. ती 5 लाखांपर्यंत न्यायची आहे, म्हणून तिला हात लावू नका.

आता कुत्रा. ब्रीडरचं ‘लहान म्हणून फ्लॅटला बरी’ हे सरळ चुकीचं आहे. इंग्लंडच्या डेव्हनमधले रेव्हरंड जॉन रसेल यांनी एकोणिसाव्या शतकात ही कुत्री कोल्ह्याच्या शिकारीसाठी जोपासली. कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत जायचं, भुंकून त्याला बाहेर काढायचं, आणि बिळात मालकाचा आवाज पोचत नाही म्हणून निर्णय स्वतःच घ्यायचा. पाच-सहा किलोंचा हा जीव लहान आहे तो बिळात मावण्यासाठी. उकरणं, भुंकणं, हलणाऱ्या लहान प्राण्यामागे धावणं, हाक मारली तरी न ऐकणं, हे सगळं तिथून आलंय. शिकवून कमी होतं, जात नाही. तुमच्या घरात तो दिवसभर आईंजवळ असेल. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायांत घोटाळणारं, दारावरची बेल वाजली की उसळणारं कुत्रं. त्या एकदा पडल्या तर काय, याचा विचार करा. आणि लव्हबर्ड्स त्याच्या दृष्टीने शिकारच.

रोज दीड तास दमवलं तर हा कुत्रा फार गोड असतो, हेही खरं. तुम्ही दोघं सकाळी आठला निघता. फिरवायला माणूस ठेवलात तर तीनेक हजार, खाणं, दरवर्षीच्या लसी, जंताचं औषध, गोचिडांवरचं औषध, डॉक्टर मिळून आणखी तीन. महिना 6 हजार, वर्षाला 72 हजार, चौदा वर्षं जगला तर 10 लाख, महागाई न धरता. 55 हजार हे तर एका वर्षाच्या खर्चाहूनही कमी आहेत. गोचीडताप झाला तर एका आजारपणात हे गणित मोडतं. आणि नाशिककरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीहून घरोघरी पेट्या येतात. टेबलावरचं सगळं पळवणाऱ्या कुत्र्याच्या घरात हा धोका खरा आहे.

पिल्लं विकून वसुली ही कल्पना तर डोक्यातून पूर्ण काढा. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार विक्रीसाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी किमान 18 महिन्यांची हवी, आयुष्यात पाचपेक्षा जास्त खेपा नाहीत, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. म्हणजे ‘दोन वर्षांत वसूल’मधली पहिली दीड वर्षं तशीच जातात. पुढे बाळंतपण अडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च, चार-पाच पिल्लांच्या लसी, दोन महिन्यांचं खाणं आणि चौथ्या मजल्यावरचा गोंगाट. पोरीचं कुत्रं म्हणून आणायचं आणि वर्षानुवर्षं गाभण ठेवायचं, हे मला पटत नाही. ब्रीडरकडे त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर फोन ठेवून द्या.

माझं मत: आत्ता नको, आणि हे घर असं आहे तोवर टेरियर नको. वर्षभरात टर्म विमा, आईंचं कार्ड आणि एफडी मार्गी लागले आणि मुलीची हौस टिकली, तर तीन-चार वर्षांचं, शांत स्वभावाचं देशी कुत्रं दत्तक घ्या. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आणताना दिसतो. आईंशी, पिंजऱ्याशी कसं वागतं ते दोन-चार भेटींत कळतं. तोवर त्या 6 हजारांचं आवर्ती खातं आजच उघडा. वर्षाला 72 हजार साठतील, आणि दरमहा तेवढे निघतात की नाही तेही दिसेल.

टोकनचे 5 हजार ब्रीडरकडे लेखी मागा. नाही दिले तर सोडून द्या, त्यांच्यासाठी आणखी 50 हजार भरू नका. आणि पुढच्या महिन्याचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर टर्म पॉलिसी हातात आल्याबरोबर बँकेत जाऊन ते मॅन्डेट बंद करा.