दशावतारात नव्याने उभे राहताना

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात लिखित संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचावे लागतात. म्हणून सिंधुदुर्गातल्या जत्रेत प्रथमच राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करताना तुम्ही पाठ केलेल्या वाक्यांवर विसंबू नका. प्रवेश केल्यावर लगेच बोलू नये. पखवाजाची थाप पूर्ण होऊ द्यावी, रंगमंचावरच्या बाकड्यापाशी स्थिर उभे राहावे आणि सर्वांत मागे, नारळाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत नजर न्यावी, कारण पुढच्या रांगेतली मुले तशीही तुमचीच असतात. हशा आला की तो ओसरू लागेपर्यंत थांबा. पहाटे प्रेक्षक पेंगू लागले की नवखा नट आवाज चढवतो (मीही चढवत असे), परंतु त्या वेळी आवाज उतरवून सहकलाकाराला अनपेक्षित प्रश्न विचारला, तर माना आपोआप वर होतात.