पार्किंगमध्ये बेवारस पडलेली जुनी सायकल दुरुस्त करून वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या पार्किंगमध्ये दांडीब्रेकची (म्हणजे तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढला जाणारा ब्रेक असलेली) काळी सायकल वर्षानुवर्षं धूळ खात पडलीय, कोणाची ते माहीत नाही, तर दुरुस्त करून वापरता येईल का. येईल की, नक्की येईल, पण आधी मालक शोधा. सापडलेली वस्तू मालकाचा शोध न घेता स्वतःची म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. आमच्याकडे कोथरूडला अशीच एक बावीस इंची हर्क्युलस जिन्याखाली पडलेली, सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली, ग्रुपवर फोटो टाकला, मग वॉचमनकाकांना आठवलं की आधीच्या भाडेकरूंची आहे, ते नागपूरला गेलेले, त्यांना फोन केला तर म्हणाले खुशाल घ्या. मी ते व्हॉट्सॲपवर लिहून मागितलं, तुम्हीही मागा. आणि नोटिशीत फ्रेमवरचा नंबर देऊ नका, कोणी माझी आहे म्हणत आलं तर खूण विचारायला काहीतरी हवं ना.

आता सायकल. लोक पहिल्यांदा काय करतात तर पॉलिश पेपरने घासून नवीन रंग मारतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. त्या काळ्या रंगावरची सोनेरी रेघ, डोक्याच्या नळीवरचा, म्हणजे हँडल जिच्यात बसतं त्या पुढच्या नळीवरचा, कंपनीचा बिल्ला, हे एकदा गेलं की गेलं. ओल्या फडक्याने पुसा, वर थोडं तेल फिरवा, जुना रंग किती छान उठून दिसतो बघा. हँडल, रिम अशा क्रोमच्या भागांना घरातला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि वरवरचा गंज निघतो. जिथे क्रोमच उडालंय तिथे मात्र काही परत येणार नाही, तिथे तेल लावून ठेवायचं, फक्त रिमला ब्रेकचे रबर लागतात तिथे नको.

खरा जीव छऱ्यांमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये आहे. इतकी वर्षं उभ्या सायकलचं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं, त्यामुळे वरून तेल सोडून भागत नाही. दोन्ही चाकांचे हब (मधले तुंबे), हँडलचा कप आणि पायडलचा मधला एक्सल असं सगळं खोलून रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये धुवा, छऱ्यांवर खड्डे दिसले तर सगळेच बदला, फार महाग नसतात, आणि नवीन ग्रीस भरा. कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला पक्का धरणारी पिन, निघता निघत नाही, म्हणून आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, ठोकताना नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी बरोबरीत ठेवा म्हणजे आटे चेपत नाहीत, आणि क्रँकखाली लाकडाचा ठोकळा घ्या नाहीतर हातोडीचा सगळा मार छऱ्यांवर बसतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, जोर लावून तोडू नका.

टायर ट्यूब नवीनच घ्या, रबर तडकलेलं असणारच. पण दुकानात नुसतं अठ्ठावीसचं द्या म्हणू नका! या सायकलींना बहुतेक २८ गुणिले १ १/२ लागतं, रिमचं माप ६३५ मिलिमीटर, आणि हल्लीच्या हायब्रीड सायकलींचं ६२२, ते यावर बसत नाही. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारा वाकडेपणा, मात्र मिस्त्रीकडूनच काढून घ्या, पेठेत जुने हात अजून आहेत, ते तारांवर नुसतं बोट फिरवून ढिली कुठली ते सांगतात.

चालवायला लागलात की पावसात जपून, दांडीब्रेकचे रबर रिमला आतून लागतात आणि स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक फार उशिरा धरतो. घ्यायच्या आधी फ्रेमचे सांधे टॉर्चने नीट बघा, खास करून डोक्याच्या नळीपाशी. तिथे चीर असेल तर ती सायकल रस्त्यावर काढू नका, बाकी कशालाही इलाज आहे. टायरवरचा आकडा वाचता आला तर खाली कमेंटमध्ये टाका, काय घ्यायचं ते सांगतो.