कुपीतला पंप चालत का नाही?

प्रश्न : मी नागपुरात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. संत्र्याच्या सालीच्या अर्काने जठरातील प्रोटॉन पंप, म्हणजे आम्ल तयार करणारे प्रथिन, मंदावतो का, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. त्यासाठी ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन एटीपी४ए’ या, म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेल्या मानवी पंपाच्या प्रथिनाची १० मायक्रोग्रॅमची कुपी मागवली. माहितीपत्रकात ‘अंशतः’, ‘जीएसटी टॅग’ आणि ‘व्हीट जर्म’ असे उल्लेख आहेत. प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा ११४ ऐवजी ३७ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) आला आणि पंपाचे इंधन असलेले एटीपी घालूनही, ते फुटून सुटायला हवे ते फॉस्फेट सुटले नाही. पुरवठादाराने फसवले, की मे महिन्याच्या उन्हात प्रथिन खराब झाले?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : नागपूरच्या उन्हावर पुष्कळ गोष्टींचे खापर फुटते, पण तुमचा पट्टा जिथे यायला हवा, नेमका तिथेच आला आहे. उत्तर माहितीपत्रकातल्या त्या तीन शब्दांत आहे. पंपाच्या मुख्य, म्हणजे अल्फा घटकात सुमारे १०३५ अमिनो आम्ले असतात. तुमच्या कुपीत त्यांपैकी साधारण शंभरांचा तुकडा असावा. त्याचे वजन अंदाजे ११ किलोडाल्टन भरते, आणि शुद्धीकरण सोपे जावे म्हणून जोडलेल्या जीएसटी या शेपटाचे २६, बेरीज ३७.

असा तुकडा प्रतिपिंड ओळखण्यासाठी, म्हणजे एलायझा किंवा वेस्टर्न ब्लॉट या चाचण्यांसाठी, उपयोगी पडतो. परंतु तो पंपाचे काम करू शकत नाही. अल्फा घटक पेशीपटलातून दहा वेळा आरपार जातो, त्याला बीटा घटकाची जोड लागते, आणि हा बीटा घटक शर्करेच्या साखळ्यांनी लगडलेला असतो. ही सगळी जुळणी पेशीपटलात झाली, तरच एटीपीच्या ऊर्जेवर प्रोटॉन बाहेर आणि पोटॅशियम आत अशी देवाणघेवाण होते. गव्हाच्या अंकुराच्या अर्कात, पेशीविना तयार केलेल्या तुकड्याला यांतले काहीच लाभत नाही. ‘ह्यूमन’ या शब्दाने एवढेच कळते की अमिनो आम्लांचा क्रम मानवी जनुकाचा आहे.

मग प्रयोग कसा करावा? दोन्ही घटक एकत्र बनवणाऱ्या सस्तन पेशींमधून पूर्ण पंप मिळवणे हा खात्रीचा मार्ग आहे. २०१८ मध्ये व्होनोप्राझान या पंप रोखणाऱ्या औषधासह पंपाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तीही याच पद्धतीने. मात्र तो पंप डुकराचा होता. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा खर्च झेपणार नाही. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा कत्तलखान्यातून शेळीचे किंवा मेंढीचे ताजे जठर आणून, त्याचे अस्तर खरवडून, पटलाचा अंश वेगळा करतात, आणि माझ्या मते तुम्हीही तेच करावे. पोटॅशियम घालून व न घालता फॉस्फेट मोजावे. दोहोंतला फरक तेवढा पंपाचा धरावा, आणि त्यात पेशीतल्या दुसऱ्या, सोडियम-पोटॅशियम पंपाची भेसळ नको म्हणून मिश्रणात सोडियम ठेवू नये व तो दुसरा पंप रोखणारे ओवाबेन घालावे.

तुलनेसाठी ओमेप्राझोल हे प्रोटॉन पंप रोखणारे औषध वापराल, तर एक काळजी घ्या. हे औषध जसेच्या तसे निष्क्रिय असते. आम्लात त्याचे रूप बदलते आणि मगच ते पंपातल्या ८१३ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लासारख्या ठिकाणी घट्ट चिकटते. उदासीन द्रावणात ते नुसते घातले आणि परिणाम दिसला नाही, तर तो दोष औषधाचा नव्हे.

मला खरी धास्ती आहे ती संत्र्याची. फॉस्फेट मोजण्याच्या मॉलिब्डेट पद्धतीत निळा रंग आणण्यासाठी पुष्कळदा ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व, वापरले जाते, आणि ते तुमच्या सालीत आधीच आहे. शिवाय अर्काचा स्वतःचा पिवळेपणा आणि त्यातले फॉस्फेट यांचीही भर पडते. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी पंपाशिवाय नुसत्या अर्काची एक नळी ठेवा आणि ठरावीक फॉस्फेटमध्ये अर्क घालून रंग पूर्वीइतकाच येतो का, ते आधी पाहा. हे न करता ‘संत्र्याने पंप थांबला’ असे लिहिले, तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न यावरून येईल.

उरलेली कुपी टाकू नका. छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा, कारण वारंवार गोठवणे आणि वितळवणे तिला सोसत नाही. विभागात कोणी पर्निशियस ॲनिमियावर (ब-१२ जीवनसत्त्व शोषले न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयावर) काम करत असेल, तर त्यांना विचारून पाहा; त्या रुग्णांच्या रक्तात याच पंपाविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. तुमच्या तुकड्यावर ती बसतील की नाही, हे मात्र तो तुकडा पंपाच्या कोणत्या भागातला आहे यावर अवलंबून राहील.