पावडरसाठी (खोल, मऊ बर्फासाठी) स्नोमोबिलचा ट्रॅक घेतोयस? आधी हे बघ

अरे कॅनडातल्या रेव्हलस्टोकच्या डोंगरात चालवायचं म्हणतोयस ना, मग लगेच सगळ्यात लांब ट्रॅकच्या (स्नोमोबिलखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या) मागे लागू नकोस. लांब ट्रॅक बर्फावर जास्त टेकतो, स्लेड (स्नोमोबिल) रुतत नाही, चढ पण मस्त चढतं, सगळं खरंय, पण झाडांमधून वळवताना तीच लांबी अंगावर येते आणि नवख्याला नेमकं तेच शिकायचं असतं. ८५० सीसी इंजिन असेल तर १५४-१५५ इंच घे. १६५ इंच घ्यायचा तो तुझं वजन बरंच असेल किंवा नुसते मोठे चढच मारायचे असतील तर.

लगची (ट्रॅकवरच्या बर्फ ढकलणाऱ्या रबरी उंचवट्यांची) उंची २.५ इंचाच्या खाली नको. ३ इंची लग खोल पावडरमध्ये भारी ओढतात, पण ते फिरवायला ताकद लागते आणि टर्बो नसेल तर दर हजार फूट उंचीला साधारण ३ टक्के पॉवर जाते, त्यामुळे ६०० सीसी वाल्यांनी २.५-२.६ वरच भागवावं.

जुन्या स्लेडला नवा ट्रॅक टाकणार असशील तर पिच (ट्रॅकच्या दातांमधलं अंतर) बघच, ३ इंच पिचच्या ड्रायव्हरवर (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) ३.५ चा ट्रॅक चालत नाही. उंच लग वर टनेलमधल्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या पोकळीतल्या) कूलरला घासतात का तेही तपासून घे.

आणि हो, पार्किंगपासून वर जाणारा रस्ता कडक असतो, तिथे गार करायला सैल बर्फ उडत नाही म्हणून स्लायडर (ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) वितळतात, इंजिन तापतं. स्क्रॅचर (बर्फ खरवडून उडवणारे काटे) खाली सोडायचे, टेम्परेचरवर डोळा ठेवायचा, वाढलं की कडेच्या मऊ बर्फात घालायचं.

ट्रॅकच्या आधी हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याला शोधायला बीकन (सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं घे बाबा.