हॉल्डेनसारखा मोठा उत्क्रांतिशास्त्रज्ञ भारतात येऊन नेमकं काय करत होता?

लंडनची प्राध्यापकी सोडून आलेल्या या माणसाला इथे महागडी उपकरणं नव्हती, मग त्यांनी केलं काय, असं तुम्ही विचारलंय. इतर बरंच सांगता येईल, पण मी एकच सांगते: त्यांनी सहकाऱ्यांना फुलांच्या पाकळ्या मोजायला लावल्या.

जे. बी. एस. हॉल्डेन यांची ऑक्सफर्डची पदवी विज्ञानाची नव्हतीच, ग्रीक-लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञानाची होती. तरी १९२४ पासून त्यांनी नैसर्गिक निवडीला (ज्यांची संतती जास्त उरते, त्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत वाढत जाणं) गणितात बसवलं. इंग्लंडात मँचेस्टरकडे पतंग या कीटकाचा काळा प्रकार पन्नासेक वर्षांत पांढऱ्याच्या जागी जवळजवळ सगळीकडे झाला, त्यासाठी काळ्यांची संतती पांढऱ्यांच्या साधारण दीडपट उरायला हवी, हा त्यांचा हिशोब. १९५७ मध्ये ते संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या कोलकात्यातल्या सांख्यिकी संस्थेत आले, १९६१ मध्ये भारतीय नागरिक झाले.

तिथे त्यांचे सहकारी सुबोध कुमार रॉय पारिजातकाची फुलं मोजत. हो, आपला अंगणातला पारिजातक! एका फुलाला सहा पाकळ्या, शेजारच्याला पाच, एखाद्याला सात. यात उत्क्रांती कुठे आली? निवडीला फरक लागतो, पण पुढच्या पिढीत उतरणारा फरक. एका झाडाच्या सगळ्या फुलांची जनुकं तीच, म्हणजे तिथला पाच-सहाचा फरक जनुकांचा नाही. दोन झाडांच्या सरासरीत फरक पडला, तर त्यामागे जनुकं असू शकतात (ऊन, माती, झाडाचं वयही असू शकतं). हे वेगळं केल्याशिवाय निवडीबद्दल बोलणं म्हणजे हवेत बार. आणि त्यासाठी लागतं काय? वही, पेन्सिल, चिकाटी.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत दोन पारिजातक आहेत, एक गेटजवळ, एक पाण्याच्या टाकीमागे. गणपतीच्या सुमारास मुलं क्लासला जाण्याआधी येतात आणि प्रत्येक झाडाखालची शंभर फुलं मोजतात. झाडणारे काका तेवढा कोपरा आठपर्यंत तसाच ठेवतात. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "टीचर, पहिल्या दिवशीची आणि शेवटच्या दिवशीची फुलं एकत्र धरायची की वेगळी?" मला इतका आनंद झाला! त्या दिवसापासून वहीत तारखेचा वेगळा रकाना आहे.

हॉल्डेन १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. देह त्यांनी काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता.

तुमच्या आसपास पारिजातक असेल तर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की फुलं मलूल होतात आणि पाकळ्या एकमेकींना चिकटतात.