गाणं निवडणारा आर.जे. व्हायचंय? मग आधी कुणालाच नको असलेली वेळ माग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, आर.जे. व्हायचंय. पण तीच ती हिंदी हिट गाणी वाजवायची नाहीत. अहिराणीतला रॅप, सातपुड्यातल्या पावरा पोरांची नवी गाणी, बँडवाल्यांनी स्वतः बांधलेल्या चाली हे सगळं लोकांपुढे आणायचंय. त्यासाठी खासगी एफएमला जावं, आकाशवाणीला जावं, की सरळ पॉडकास्ट काढावं? शिवाय कुणीतरी 'खान्देशचा जॉन पील हो' असं म्हटलंय, तर हा पील कोण?

मी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषिका होते, नंतर एका खासगी एफएमला गाण्यांच्या शेड्यूलिंगचं काम केलं. तू ताई म्हणून विचारलंस, तर मोठ्या बहिणीसारखं रोखठोकच सांगते.

खासगी एफएमवर आर.जे. गाणं निवडत नाही. आधी हे डोक्यातून काढ. गाणी म्युझिक मॅनेजर निवडतो आणि लहान शहरातल्या स्टेशनला तर यादी बहुतेक वेळा मुख्यालयातूनच येते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याला वर्ग दिलेला असतो: नवं आणि चालणारं, जुनं आणि ओळखीचं, संथ, नाचाचं. तासाचं घड्याळ आखलेलं असतं. कितव्या मिनिटाला कोणत्या वर्गातलं गाणं, कुठे जिंगल, कुठे जाहिराती, कुठे तुझी लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं तुझं बोलणं, सगळं ठरलेलं. तुझ्या वाट्याला येतो तो लिंकचा मिनिटभर वेळ, आणि त्यातही कधी कधी साडीच्या दुकानाचं नाव घ्यायचं असतं. यात कुणाचा दुष्टावा नाही. अनोळखी गाणं लागलं की माणूस स्टेशन बदलतो, आणि स्टेशनचं पोट जाहिरातीवर आहे. मी यादीत अहिराणी गाणं घालून पाहिलं तेव्हा वरून उत्तर आलं की हे लग्नातलं गाणं आहे, सकाळी ऑफिसला जाणारे कशाला ऐकतील. आता सकाळी आठला जळगावच्या रस्त्यावर फक्त ऑफिसला जाणारेच असतात का, हा माझा प्रश्न तिथेच विरला.

तरीही माईकची सवय, वेळेचं भान, सलग न अडखळता बोलणं हे तिथे जितकं पक्कं होतं तितकं कुठे होत नाही. शिकायला जा. गाणी बदलायच्या आशेने जाऊ नकोस.

आता पील. खरं नाव जॉन रेवन्सक्रॉफ्ट, जन्म १९३९, लिव्हरपूलजवळचा. वडिलांचा धंदा कापसाचा, म्हणजे तसा आपल्यातलाच माणूस. १९६० मध्ये पोराला अमेरिकेत टेक्सासला पाठवलं तेही कापसाच्याच कामाला. पोरगा कापूस सोडून रेडिओत घुसला. बीटल्सची लाट आली तेव्हा हा लिव्हरपूलकडचं बोलतो एवढ्या भांडवलावर तिथल्या स्टेशनांनी त्याला माईकपुढे बसवलं. (अहिराणी बोलताना आवाज खाली घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

१९६७ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि रेडिओ लंडन या चोरट्या स्टेशनवर लागला. हे स्टेशन समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालायचं. पीलला मिळाली मध्यरात्रीनंतरची वेळ. त्या वेळी काय वाजतंय याकडे साहेबलोकांचं लक्ष नव्हतं, म्हणून त्याने ठरलेली यादी बाजूला सारली आणि मनाला येईल ते वाजवू लागला. ऑगस्टमध्ये कायद्यामुळे ते जहाज बंद पडलं, ३० सप्टेंबरला बीबीसीचं रेडिओ वन सुरू झालं आणि हा तिथे गेला. तो थेट २००४ मध्ये पेरूमध्ये मरण पावला तोपर्यंत तिथेच. सुरुवातीच्या मंडळींत एवढा टिकलेला दुसरा कुणी नाही. आणि या सदतीस वर्षांतली बहुतेक वर्षं त्याचा कार्यक्रम रात्री उशिराचाच. सकाळचा शो मिळवण्यासाठी बाकीचे एकमेकांच्या उरावर बसत होते तेव्हा हा रात्री निवांत नवी गाणी लावत बसला होता.

तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. निवडीचं स्वातंत्र्य मागून मिळत नाही, ज्या वेळेत कुणाला रस नाही त्या वेळेला ते आपोआप येतं. उरलेलं निम्मं म्हणजे ऐकणं. पीलकडे देशभरातून कॅसेटींचे ढीग यायचे, गावातल्या गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या पोरांच्या. तो त्या ऐकायचा. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातल्या द अंडरटोन्स या अनोळखी पोरांचं गाणं त्याने एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवलं आणि त्यानंतर लगेचच त्यांना मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला. लोक हा किस्सा 'दैव कसं उघडतं' म्हणून सांगतात. मला त्यात दिसतं ते हे की आधी कितीतरी टुकार कॅसेटी ऐकल्याशिवाय तो हात त्या गाण्यापर्यंत पोचला नसता.

त्याहून मोलाची गोष्ट त्याच्या सेशनची. तेव्हा बीबीसीवर रेकॉर्ड किती तास वाजवायच्या याला मर्यादा होती. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची युनियन यांच्याबरोबरच्या करारातून ती आलेली. तिला 'नीडल टाइम' म्हणत. उरलेला वेळ जिवंत वादकांनी भरायचा. ही अडचणच पीलच्या पथ्यावर पडली. नव्या पोरांना स्टुडिओत बोलवायचं, एका दिवसात साधारण चार गाणी रेकॉर्ड करायची, मानधन द्यायचं, वाजवायचं. ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही असेही त्यात असायचे. दोन हजारांवर कलाकार असे येऊन गेले. १९८८ मध्ये मर्यादा उठली, तरी सेशन चालूच राहिले. म्हणजे हा माणूस नवं संगीत नुसतं वाजवत नव्हता, ते तयार व्हायला जागा देत होता.

आपल्याकडेही असंच काहीसं घडलंय. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री होते, त्यांना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी खपत नसत. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, अमीन सयानींची बिनाका गीतमाला घरोघरी ऐकू येऊ लागली, आणि अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांना यासाठी सगळे हसतात. पण त्याच काळात आकाशवाणीने सुगम संगीताचे स्वतःचे विभाग उभे केले, आणि पुढे मुंबई केंद्राच्या 'भावसरगम'सारख्या कार्यक्रमातून नवी मराठी भावगीतं आली. ती बाजारातून आलेली नव्हती, रेडिओनेच करवून घेतलेली होती. मला विचारशील तर खान्देशात आज हेच व्हायला हवं.

आता तुझ्यापुढचे रस्ते.

आकाशवाणी जळगाव, धुळे. नैमित्तिक उद्घोषकांसाठी मधूनमधून जाहिरात निघते. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत, मग 'वाणी' हे उद्घोषकांचं प्रशिक्षण. ड्युटीप्रमाणे पैसे मिळतात आणि महिन्याला ड्युट्या मोजक्याच, त्यावर घर चालत नाही. शिकवणी, भाषांतर, लग्नाचं निवेदन, काहीतरी जोडीला ठेवावंच लागतं. उद्घोषक म्हणून तूही ठरलेली क्यूशीटच, म्हणजे कार्यक्रमांची आखून दिलेली यादीच, वाचशील. पण तिथे कार्यक्रम अधिकाऱ्याला कल्पना लिहून देता येते. युववाणी हा १५ ते ३० वयोगटासाठीचाच कार्यक्रम, आणि 'नवे आवाज' असं काही अर्ध्या तासाचं घेऊन गेलास तर ऐकून घेणारा अधिकारी भेटू शकतो. मात्र गायकांना ऑडिशनची अट असते. बी, बी-हाय, ए, टॉप अशी प्रतवारी चालते. तुझ्या रॅपवाल्या मित्राला हे विचित्र वाटेल. त्याला गायक म्हणून नको, गप्पांसाठी पाहुणा म्हणून ने. बोलता बोलता दोन ओळी म्हणून घे.

सामुदायिक रेडिओ. २००६ च्या धोरणानंतर संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रंही ते काढू शकतात. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला, आणि निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक असला पाहिजे अशी अट. ही अटच तुझी दोस्त आहे. पगार नावापुरता, पण रात्रीचे दोन तास 'तूच बघ रे' म्हणून हातात पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथेच.

पॉडकास्टचा मोह मला कळतो. पण लक्षात घे, रेडिओ स्टेशनकडे गाणी वाजवायचा परवाना असतो, तुझ्याकडे नाही. प्रसारणासाठी कायद्यात जी वैधानिक परवान्याची (मालकाला न विचारता, ठरलेली रॉयल्टी भरून वाजवायची) सोय आहे ती इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाण्यांचं ॲप यांच्या खटल्यात म्हटलंय. दुसऱ्याचं गाणं तू यूट्यूबवर टाकलंस की क्लेम येणारच. एकच वाट आहे: गाणं ज्याचं, त्याची लेखी परवानगी. आणि नव्या कलाकाराकडून ती मिळणं सोपं असतं, हा तुझा फायदा.

इथे आपल्याकडची एक गोची सांगते. गाजलेल्या अहिराणी गाण्यांपैकी बरीच हिंदी सिनेमाच्या चालीवर शब्द बसवलेली असतात. मांडवात धमाल, पण चालीचा हक्क दुसऱ्याचा. असं गाणं स्टेशनवर नेलंस की अडकतोस. म्हणून कुणी गाणं दिलं की पहिला प्रश्न 'चाल कोणाची?' हाच. हे विचारलं की काही जण नाराज होतात, होऊ दे. आणि ज्याची चाल स्वतःची आहे त्याला सांग की आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सभासद हो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराने बाकी हक्क विकले तरी प्रसारणाच्या रॉयल्टीतला त्याचा समान वाटा काढून घेता येत नाही. गावोगावचे गीतकार हे न कळताच 'कायमचे सर्व हक्क' लिहून देतात, तेही शे-पाचशेच्या कागदावर. नव्या संगीताचा कैवार घ्यायचा तर हे सांगणंही त्याच कामात येतं.

गाणी कुठे शोधायची? यूट्यूबच्या व्ह्यूजवर जाऊ नकोस, ती गाणी तुझ्याशिवायही पोचलीच आहेत. २०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट आलं, त्याआधी आपल्याकडे खरे म्युझिक मॅनेजर होते आठवडी बाजारातले मेमरी कार्ड भरून देणारे मोबाईल दुकानवाले. कोणतं गाणं दोंडाईचात चालतं आणि चोपड्यात का चालत नाही, हे त्यांना तोंडपाठ. त्यातले कित्येक अजून तिथेच बसलेत, जाऊन बस त्यांच्याजवळ. बँड आणि बँजो पार्टीवाले पावसाळ्यात मोकळे असतात, तेव्हा त्यांच्या तालमीला जा. श्रावणात कानबाईच्या जागरणाला बायका दरवर्षी नवे शब्द घालून गातात, ते कुणी नवं संगीत मानत नाही, तू मान. वहीगायन या आपल्याकडच्या लोकगायनाचे फड आहेत. होळीच्या दिवसांत धडगाव-अक्कलकुव्याकडे जा, पण तिथली गाणी रेकॉर्ड करताना आधी गावात विचार, आणि कार्यक्रमात 'आदिवासी लोकगीत' एवढंच म्हणून मोकळा होऊ नकोस. गाणाऱ्याचं नाव घे. पीलसारखं सेशन करायला बीबीसीचा स्टुडिओ लागत नाही. एक बरा रेकॉर्डर, दोन माईक आणि पत्र्याचं छप्पर नसलेली खोली एवढं पुरतं.

वाजवताना नाव गाण्याआधी घे आणि नंतरही घे, गाव धरून. सुरावट चालू असताना वर बोलू नकोस. हिंदी गाण्यावर ते खपतं, कारण गाणं सगळ्यांना पाठ असतं. अनोळखी गाण्याची फार स्तुतीही नको, ऐकणारा लगेच सावध होतो. आणि एकदा वाजवून सोडू नकोस. नवं गाणं पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही, दोन आठवड्यांत तीनदा तरी लाव. 'आखो एकदाव लावा ना भाऊ' असा पहिला फोन आला की समज, रुजलं. नाही आला तर ते गाणं सोडून दे, गायक तुझा सख्खा मित्र असला तरी. हे शेवटचं सगळ्यात जड जाणार आहे, कारण आपल्याकडे निम्मे गायक नात्यातले नाहीतर ओळखीतले निघतात.

परीक्षा झाली की डेमो कर. पाच मिनिटं, दोन गाणी, दोन्ही कुणी न ऐकलेली, सोबत तुझ्या दोन लिंक. एक प्रमाण मराठीत, एक अहिराणीत. इथेच टाक, मी ऐकून सांगते. मोबाईलवर केलास तरी चालेल, फक्त पंखा बंद कर.